खालून वाचलेला फासा

टेलरबाईंच्या टेपने आजवर कुणाची भीड ठेवलेली नाही. समोर बँकेचा मॅनेजर उभा असो नाहीतर सख्खी नणंद, टेप म्हणेल तेवढंच बाई म्हणणार, आणि तेही दुकानातल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात. गिऱ्हाईक पोट आत ओढतं, श्वास धरतं, छताकडे बघतं. बाई टेप धरून तशाच उभ्या. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? शेवटी सोडतोच. मग बाई वहीत चाळीस लिहितात. एकदा एका वकिलाने हट्टच धरला, छत्तीस लिहा म्हणून. बाई म्हणाल्या, लिहिते की, माझं काय जातं, पण पँट वहीला घालायची आहे की तुम्हाला? वकील त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा निरुत्तर झाला असेल.

माप खोटं वाचायचं नाही, ही वडिलांची शिकवण. कापड चुकून कापलं तर ठिगळ लावता येतं, पण आकडाच खोटा सांगितला तर तो कपडा अंगावर कधीच बसत नाही, असं ते म्हणायचे. बाईंनी ते गाठीला बांधलं. आणि अशा या बाईंनी उभ्या जन्मात एकदा, एकदाच, वाचलेला आकडा खोटा सांगितला होता. तो टेपवरचा नव्हता, फाशावरचा होता. त्याचीच ही गोष्ट.

दुकान वडिलांचं. रस्त्याकडे तोंड असलेली एकच मोठी खोली. दोन मशिनं, एक उभा आरसा, कोपऱ्यात पडदा लावून कपडे घालून बघायची जागा, आणि मधोमध कापायचं टेबल. हे टेबल दारापेक्षा मोठं आहे. ते आत कसं आलं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. वडील म्हणायचे, टेबल आधी होतं, दुकान त्याच्याभोवती बांधलं.

याच टेबलावर, रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून, तो खेळ चालायचा.

खेळ आणला बाईंच्या थोरल्या भावाने. दादा तेव्हा छापखान्यात खिळे जुळवायचा. बोटीवर काम करणारा कुणी माणूस कार्डं छापायला आला आणि एक पेटी विसरून गेला. वर्षभर वाट पाहिली, माणूस काही फिरकला नाही, तेव्हा मालकाने ती दादाला देऊन टाकली. पेटीत परक्या भाषेतलं एक पुस्तक, त्याचीही मधली पानं गायब, आणि एक फासा. पण फासा असा की बघत राहावं. वीस बाजूंचा, निळाशार, मोठ्या गारेएवढा. दादाने शब्दकोश मांडीवर घेऊन पुस्तकातलं लागेल तेवढं लावलं, आणि पानं नव्हती तिथे स्वतःच्या डोक्यातलं घातलं. त्यामुळे निम्मे नियम पुस्तकातले आणि निम्मे टेबलावरचे. भांडणं सगळी टेबलावरच्यांवरून व्हायची.

आता हा खेळ म्हणजे सोंगट्या पुढे सरकवायचा खेळ नव्हे. यात एक जण सूत्रधार. तो सांगणार, तुम्ही जंगलात आहात, समोर पडका किल्ला आहे, आत कसला तरी आवाज येतोय. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. हरणं नाही, जिंकणं नाही, नुसतं पुढे जात राहायचं. लहान मुलं करतात तेच, फक्त दाढीमिशा फुटल्यावर.

सूत्रधार अर्थात दादा. खेळणारे तिघं. बाई म्हणजे कुलूपफोडी, जिच्यापुढे कुठली कडी टिकत नाही. दुसरा शेजारचा एक लुकडा मुलगा, जो पुढे बसवर कंडक्टर झाला. तो झाला महाबळी. कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलणारा प्राणी, पण टेबलावर राक्षसाच्या छातीवर पाय देऊन उभा. आणि तिसरी बाईंची बालमैत्रीण. ती दिवेवाली. तिच्या हातात एक दिवा, जो वाऱ्याने विझत नाही, पाण्याने विझत नाही. बाकी तिला काही येत नव्हतं. तलवार नाही, जादू नाही, दिवा तेवढा. पण अंधारात सगळे तिच्याच मागे.

नकाशा खाकी कागदावर, ज्यावर कपड्याचे साचे काढतात त्यावर, खडूने काढलेला. राक्षस म्हणजे कोटाची बटणं, भुतावळ म्हणजे शर्टाची, आणि पंखवाला अजगर म्हणजे एका फौजी कोटाचं पितळी बटण, जे समोर ठेवलं की महाबळीला खरोखर तहान लागायची.

आणि फासा वाचायची एक रीत होती. फाशावरचे आकडे कोरलेले होते, पण रंग भरलेला नव्हता. निळ्यावर निळं. अर्ध्या शटरच्या उजेडात कुणाला काही दिसायचं नाही. खडू घासून बघितला, पण दोनदा टाकला की उडून जायचा. बाईंचे डोळे मात्र असे की दिवा गेला तरी सुईत दोरा ओवतील. म्हणून दादाने ठरवून टाकलं. फासा कुणीही टाको, वाचणार ही. आणि हिने वाचलं, टेबलावर बोललं गेलं, की ते घडलं. परत उचलून बघायचं नाही, वाद घालायचा नाही. वाचणारीवर अविश्वास दाखवला तर खेळ संपला.

अशी सहा-सात वर्षं गेली. सगळी विशीच्या अलीकडे-पलीकडे होती. रविवारी इस्त्रीचा वास असायचा, लाकडाला खडूचा वास असायचा, आणि दादा आवाज खाली घेऊन सांगायला लागला की शटरबाहेरचा रस्ता राहायचाच नाही.

त्या एका रविवारी दिवेवाली जरा उशिराच आली. आली ती थेट पडद्यामागे गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. बाईंनी आत डोकावून पाहिलं, तर भिंतीकडे तोंड करून उभी. नर्सिंगच्या परीक्षेचा निकाल लागला होता आणि तिचा नंबर नव्हता. पिशवीत परत बसायचा फॉर्म होता, घडी घालून घालून मऊ झालेला. घरचे म्हणाले होते, पुरे झालं, भावाच्या दुकानात बस. कुणाला सांगू नकोस, म्हणाली. डोळे पुसून बाहेर आली आणि खेळायला बसली.

दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने नेमका तोच दिवस धरला पुलासाठी. दगडी पूल, खाली तळ न दिसणारी दरी, मागून पितळी बटण उडत येतंय. महाबळी पार झाला, कुलूपफोडी पार झाली, दिवेवाली मधे आणि पूल खचला. दादा म्हणाला, दोर हातात आलाय, पंधराच्या वर पडले तर वर येशील.

तिने फासा टाकला. तो टेबलावरून गडगडत बाईंच्या कात्रीला अडून थांबला. बाई वाकल्या. दोन.

वाकलेल्याच होत्या, तेव्हा त्यांनी मैत्रिणीकडे पाहिलं. ती फाशाकडे बघतच नव्हती. बाईंच्या ओठांकडे बघत होती. आणि तिचा एक हात टेबलाखाली पिशवीवर होता.

"एकोणीस," बाई म्हणाल्या, आणि फासा उचलून मुठीत घेतला.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पुढे कितीतरी वर्षं बाई स्वतःची समजूत घालायच्या, की त्या फाशाची गंमत अशी की समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज एकवीस येते. वर दोन, तर खाली एकोणीस. म्हणजे आपण खोटं बोललो नाही, फक्त खालून वाचलं. पण टेप उलटी धरून कुणाची कंबर मोजत नाहीत, हेही त्यांना कळत होतंच.

दिवेवाली वर आली. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने फॉर्म भरला.

पुढचं सगळं जगाला माहीत आहे, कारण तिने ते जगाला सांगितलं. ती परत बसली, पास झाली, नर्स झाली, मोठ्या इस्पितळात मुख्य सिस्टर झाली. आता तिला सगळे सिस्टरच म्हणतात, नवऱ्यानेही हयातभर तेच म्हटलं. नव्या नर्स मुलींची तुकडी आली की पहिल्या दिवशी ती एकोणिसाची गोष्ट सांगायची. मी सगळं सोडून देणार होते, मुलींनो, पण फाशाने एकोणीस दिले. ज्या दिवशी सगळं संपलंय असं वाटेल, त्या दिवशी एकदा टाकून बघा. निवृत्तीच्या समारंभातही तिने तेच सांगितलं. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्यांनीच वाजवल्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

खेळ केव्हा थांबला, हे कुणालाच नीट सांगता येत नाही. भांडण झालं नाही, तंटा नाही. याची ड्युटी, तिची रात्रपाळी, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण. एक रविवार चुकला, मग दोन, मग आठवण काढायचीही लाज वाटायला लागली. पेटी वरच्या फळीवर गेली, तिच्यावर अस्तराच्या कापडाचे तागे बसले.

चाळीस वर्षांनी बाई जुनी बटणं निवडायला बसल्या आणि एका डब्यात दोऱ्यात ओवलेली माळ निघाली. कोटाची बटणं, शर्टाची बटणं, मधोमध पितळी. दोऱ्याला दादाच्या अक्षरातली चिठ्ठी: यांना कुठल्याही कपड्याला लावू नये, ही माणसं खातात. बाई एवढ्या हसल्या की मशिनीवरची मुलगी उठून पाणी घेऊन आली. दादा तेव्हा माडीवरच राहायला आला होता, वहिनी गेल्यापासून. कंडक्टर निवृत्त होऊन घरच्यांना वैताग देत होता. सिस्टरचा मुलगा दुसऱ्या शहरात, ती इथे एकटी. बाईंनी तिघांना निरोप धाडला: रविवारी तीन वाजता, अर्धं शटर.

आले की सगळे. महाबळीला आता गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, पण टेबलावर त्याने पहिल्याच दिवशी दोन राक्षस लोळवले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. वाचायचं काम परत बाईंकडेच, आता चष्मा लावून आणि वर भिंग धरून. आठ महिने असे छान गेले. आठवडाभर बाईंचा हात कापडावर चालायचा आणि मन रविवारकडे. दुसऱ्यांदा मिळालेली चीज माणूस जरा जास्तच घट्ट धरतो.

आणि मग सिस्टरला पत्र आलं. लांब डोंगरात एक गाव, तिथे नर्सेस तयार करायची नवी शाळा काढलेली. इमारत आहे, मुली आहेत, शिकवणारं माणूस नाही. तीन वर्षांसाठी तुम्ही या. इकडे मुलगा फोनवर म्हणत होता, आई, या वयात डोंगर कसले चढतेस, माझ्याकडे ये, नातवंडं आहेत, आराम कर.

सिस्टरने दोन्ही गोष्टी टेबलावर सांगितल्या आणि म्हणाली की मला काही ठरवता येत नाही. आणि मग म्हणाली, "पुढच्या रविवारी फासा टाकते. दहाच्या वर पडले तर डोंगरात, नाहीतर नाही. त्याने मला एकदा वाट दाखवलीय, परत दाखवेल." बाईंकडे वळून म्हणाली, "आणि वाचायचं तूच. दुसऱ्या कुणाचं वाचलेलं मला चालायचं नाही."

बाईंनी मान हलवली. पण मनापासून नाही.

कारण बघा, बाईंना ती जायला नको होती. ती गेली की रविवार गेले, आणि आता परत चाळीस वर्षं थांबायला कुणाकडे चाळीस वर्षं होती? फासा निळ्यावर निळा, वाचणार त्या एकट्या. काही का पडेना, "सात" म्हटलं की काम झालं. मैत्रीण मुलाकडे जाईल, पण ते शहर आगगाडीने दोन तासांवर, महिन्यातून दोन रविवार तरी येईल. कुणाला कळणार नाही. जिने एकदा दिलं तिने एकदा घेतलं, हिशेब सरळ. हा विचार बाईंच्या मनात सोमवारी आला, आणि आला तसा गेला नाही, चांगला मांडी ठोकून बसला.

मंगळवारी बाईंनी एका माणसाचा खांदा मोजला आणि आकडा वहीत लिहायच्या ऐवजी परत मोजला. मग तिसऱ्यांदा. माणूस म्हणाला, बाई, मी वाढतोय का मधल्या मधे? बाईंना हसू आलं नाही. पंचेचाळीस वर्षांत हात पहिल्यांदा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवेना झाला होता.

बुधवारी त्या माडीवर गेल्या आणि दादाला सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं तो समजावेल, नाहीतर रागावेल. दादा उठला, ट्रंकेतून जुनी वही काढली, त्या रविवारचं पान उघडलं. शाईने लिहिलेलं होतं, एकोणीस, खाली दोन रेघा ओढून.

"दोन?" तो म्हणाला. "अगं, त्या एकोणिसावर मी तीन वर्षांची गोष्ट उभी केली. ती मेली असती तर मला काय सुंदर दरी होती खाली. सगळी लिहून तयार होती. कुणी उतरलंच नाही त्यात."

म्हणजे घर जळतंय आणि याला पडद्याच्या रंगाची काळजी. बाई म्हणाल्या, दादा, मी रविवारी काय करू ते सांग. दादाने वही मिटली. म्हणाला की वाचणारी तू आहेस. तू जे वाचशील त्याच्यापुढे काय घडतं, एवढंच माझं काम. आणि दरीच्या पानांतून परत परत बोट फिरवत बसला. जिना उतरताना बाई पुटपुटल्या, नाव सूत्रधार आणि हाती सूत काही नाही.

पण उतरता उतरताच त्यांचं ठरलं. खरं तर दादा काय बोलला त्यापेक्षा, त्याने लगेच मानलं, याने ठरलं. ही दोन म्हणाली तर दोन. चाळीस वर्षांचा भरवसा आणि त्याने एकदाही विचारलं नाही की तुला नीट आठवतंय ना. असा भरवसा ज्याच्यावर टाकतात त्याने तो वापरायचा नसतो, सांभाळायचा असतो.

रविवारी सगळे जमले. सिस्टर इस्त्रीची साडी नेसून आली होती, जणू मुलाखतच आहे. फासा हातात घेतला, डोळे मिटले आणि टाकला. फासा गडगडला, आणि थांबला न थांबला तोच बाईंनी बटणांच्या डब्याचं झाकण त्याच्यावर उपडं ठेवलं. पाहिलासुद्धा नाही. पाहिला असता तर जीभ काय करील याची त्यांना खात्री नव्हती.

"हा मी वाचणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी मागचा एक दुरुस्त करायचाय. पुलावर तुला एकोणीस पडले नव्हते. दोन पडले होते. मी खोटं वाचलं."

सिस्टर झाकणाकडे बघत राहिली. मग अगदी दवाखान्यातल्या आवाजात तिने विचारलं, कधी कळलं तुला, आत्ता? बाई म्हणाल्या, तेव्हाच. मुद्दाम केलं. तू पडद्यामागे रडत होतीस म्हणून.

"चारशे मुलींना मी ती गोष्ट सांगितलीय," सिस्टर म्हणाली. "चारशे. त्यातल्या कितीजणी नापास होऊन परत बसल्या, त्या एकोणिसाच्या भरवशावर. आता त्यांना काय सांगू? की माझी मैत्रीण कनवाळू होती?"

दादा वहीत तोंड घालून बसला होता. बोलला तो कंडक्टर, ज्याचं टेबलाबाहेरचं बोलणं आजवर कुणी मनावर घेतलं नव्हतं.

"दोन पडले होते तरी गेले, असं सांग," तो म्हणाला. "ते जास्त खरं आहे. आणि ऐकायलाही बरं."

सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं नाही. पिशवी उचलली, अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली. झाकण उचलून बघण्याचं तिच्या मनातही आलं नाही. कंडक्टरच्या आलं. त्याने हात पुढे केला, तसा बाईंनी त्यावर फूटपट्टी मारली. म्हणाल्या, तिचा फासा आहे, ती उचलेल.

तो आठवडा ते झाकण टेबलावर तसंच राहिलं. बाईंनी त्याच्याभोवती कापड कापलं. कोटाचं मोठं कापड पसरायचं तर झाकणाच्या जागी उंचवटा यायचा, मग त्या खालून हात घालून कापड उचलून धरायच्या आणि कात्री वळसा घालून न्यायच्या. मशिनीवरच्या मुलीने विचारलं, खाली काय आहे? बाई म्हणाल्या, माझी अब्रू, आणि कात्री चालवत राहिल्या. झोप मात्र चांगली लागली, हे त्यांचं त्यांनाच नवल. मैत्रीण गेली तर गेली, पण आता टेप धरली की आकडा एकदाच वाचून पुरत होता.

फोन त्यांनी केला नाही. ठिगळ लावायला गेलं की फाटलेलं आणखी फाटतं, कधी कधी कापडाला जरा तसंच पडू द्यावं लागतं.

रविवारी तीन वाजले. दादा आला, महाबळी आला. सव्वातीन झाले. दादाने नकाशा उलगडला, उगाच त्यावरच्या जुन्या रेघा परत ओढल्या. साडेतीनला शटरखालून पायातल्या चपला दिसल्या, मग वाकलेला पदर, मग सिस्टर. आपल्या खुर्चीवर बसली आणि बाईंना म्हणाली, "तुझ्यावर माझा राग आहे. तो काही एवढ्यात जायचा नाही. पण मी जातेय डोंगरात. शुक्रवारी पत्र टाकलं."

मग तिने सांगितलं ते असं. चार दिवस ती नुसती धुमसत होती, की आपलं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या थापेवर उभं आहे. पाचव्या दिवशी तिला आठवलं की फॉर्म भरायच्या रांगेत फासा नव्हता. परत अभ्यास केला तेव्हा नव्हता. पहिल्या रात्रपाळीला एकवीस खाटा आणि ती एकटी, तेव्हाही नव्हता. एवढं सगळं दोनावर झालं. मग आता कशाला विचारायचं त्याला?

"कंडक्टरचं मी ऐकणार नव्हते," ती म्हणाली. "पण त्याने पहिल्यांदाच बरोबर स्टॉप सांगितला."

कंडक्टरने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. सर्दी झालीय म्हणाला.

सिस्टरने झाकण उचललं आणि वर काय आहे ते न बघता फासा मुठीत घेतला. बाईंकडे न बघताच म्हणाली, "दादा, तो पूल काढ. मला परत टाकायचाय."

दादाची वही काय, तयारच होती. त्याने घसा साफ केला, आवाज खाली घेतला. दगडी पूल. मागून पंखांचा आवाज. दोर हातात आलाय. पंधराच्या वर.

फासा टेबलावरून गडगडला आणि सवयीने बाईंच्या समोर येऊन थांबला. बाईंचा हात सवयीनेच भिंगाकडे गेला. सिस्टरने भिंग त्यांच्या हातातून काढून घेतलं, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि टेबलावर निम्मी ओणवी झाली. बराच वेळ लावला तिने. निळ्यावर निळं, तिला सवय कुठे होती.

"चार," ती म्हणाली.

बोललं गेलं, म्हणजे घडलं. महाबळी दीर्घ श्वास सोडून मागे टेकला. दादा मात्र असा खुलला की चाळीस वर्षं उतरली त्याच्या चेहऱ्यावरून. दोर तुटला, तो म्हणाला. दिवेवाली खाली गेली. वरून दोघं वाकून बघतात तर अंधार, अंधार, आणि अगदी तळाशी एक ठिपका. दिवा विझलेला नाही.

"मग खाली काय आहे ते सांग," सिस्टर म्हणाली. "पडलेय मी, मेले नाहीये."

दादाने वहीतली, चाळीस वर्षं कुणी न उतरलेली दरी उघडली आणि सहा वाजेपर्यंत सांगत राहिला. सहा वाजता सिस्टर म्हणाली की पुढच्या गुरुवारी निघायचंय. तिकडे थंडी फार, बसची वाट घाटातली, सुट्टी तीन महिन्यांतून एकदा. तेव्हा दर तीन महिन्यांनी एक रविवार, आणि तोवर मी दरीतच आहे असं समजा. कंडक्टर म्हणाला, घाटातल्या गाडीत डाव्या बाजूला बस, उजवीकडे दरी दिसते. मग स्वतःच म्हणाला, नाही, तू उजवीकडेच बस.

जायच्या आधी बाईंनी तिला आरशासमोर उभं केलं. गरम कोट शिवायचा होता. राखाडी कापड, आत जाड अस्तर, आणि पुढे लावायला त्यांनी माळेतून ते पितळी बटण सोडवून घेतलं होतं. दादा बघत होता, पण काही म्हणाला नाही. बाईंनी खांदा मोजला, बाही मोजली, टेप कमरेभोवती घेतली. सिस्टरने श्वास धरला.

बाई उभ्या राहिल्या. घाई नव्हती.

शेवटी सिस्टरने श्वास सोडला. "किती?"

"अडतीस."

"छत्तीस लिही ना. मैत्रीण म्हणून."

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि वहीत अडतीस लिहिलं, खाली दोन रेघा ओढून.